बेअर ब्रायंट

पॉल विल्यम ब्रायंट ऊर्फ बेअर ब्रायंट (जन्म : मोरो बॉटम, आर्कान्सा, ११ सप्टेंबर १९१३, मृत्यू : टस्कालूसा, अलाबामा, २६ जानेवारी १९८३) हे अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचे एक विख्यात प्रशिक्षक होते. मेरीलँड, केंटकी, टेक्सास ए अँड एम आणि अलाबामा या चार विद्यापीठांच्या संघांचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांनी एकूण ३८ हंगाम सांभाळले. या काळात त्यांच्या संघांनी ३२३ सामने जिंकले, ८५ गमावले आणि १७ बरोबरीत सोडवले. अलाबामा विद्यापीठाला त्यांनी १९६१, १९६४, १९६५, १९७३, १९७८ आणि १९७९ या वर्षांची राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली.

या ३८ हंगामांपैकी केवळ एका हंगामात त्यांच्या संघाचे पराभव विजयांपेक्षा अधिक झाले. तो १९५४ चा, टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील त्यांचा पहिला हंगाम होय. त्या वर्षी संघाने १० पैकी ९ सामने गमावले. ब्रायंट यांच्या अनेक विजयी हंगामांपेक्षा या पराभूत हंगामाविषयी अधिक लिहिले व बोलले गेले आहे. त्याचे कारण मैदानावरील पराभवांपेक्षा, हंगामापूर्वी जंक्शन या गावी त्यांनी घेतलेल्या सराव शिबिरात सापडते.

(या लेखात फुटबॉल या शब्दाने अमेरिकन फुटबॉल हा खेळ अभिप्रेत आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावणे व फेकणे हे या खेळाचे मुख्य अंग असून भारतात फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाशी त्याचे साम्य फारच थोडे आहे.)

जन्म आणि बालपण

ब्रायंट यांचा जन्म आर्कान्सा राज्याच्या दक्षिण भागातील एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. १२ भावंडांपैकी ते ११ वे. वडील विल्सन मन्रो ब्रायंट हे दीर्घकाळ आजारी असल्याने घराचा भार आई आयडा किलगोर ब्रायंट यांच्यावर होता. भाजीपाला, दूध, अंडी असा माल गाडीत भरून जवळच्या फॉर्डाइस या गावी विकायला नेणे हा या मायलेकांचा नित्यक्रम होता. गावातील मुले या खेडवळ पोराची चेष्टा करीत, आणि ती बोच ब्रायंट यांच्या मनात आयुष्यभर राहिली. पुढे यश, पैसा व कीर्ती मिळाल्यावरही, पुन्हा शेतावर परतावे लागेल या भीतीनेच आपण कष्ट करीत राहिलो, असे ते सांगत असत.

बेअर म्हणजे अस्वल. हे टोपणनाव त्यांना वयाच्या १३ व्या वर्षी मिळाले. फॉर्डाइसच्या लिरिक थिएटरात एका खेळवाल्याने अस्वल आणले होते आणि त्याच्याशी कुस्ती खेळणाऱ्यास पैसे देण्याचे जाहीर केले होते. अंगापिंडाने थोराड असलेला पॉल मित्रांच्या आग्रहावरून पुढे सरसावला. झटापटीत अस्वलाच्या तोंडाची मुसकी निघाली आणि त्याने पॉलच्या कानाला चावा घेतला. खेळ संपल्यावर पाहतो तो खेळवाला अस्वलासह पसार झालेला. कबूल केलेले पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच, नाव मात्र कायमचे चिकटले.

फॉर्डाइसच्या शाळेत त्यांनी फुटबॉल खेळण्यास सुरुवात केली. १९३० मध्ये या शाळेचा संघ राज्यविजेता ठरला.

खेळाडू म्हणून कारकीर्द

१९३१ मध्ये ब्रायंट अलाबामा विद्यापीठाच्या टस्कालूसा या गावी आले. शालेय शिक्षणाचा काही भाग अपुरा राहिला होता, म्हणून विद्यापीठात प्रवेश मिळण्यापूर्वी त्यांना तेथील शाळेत जावे लागले. प्रशिक्षक फ्रँक थॉमस यांच्या संघात ते १९३३ ते १९३५ या काळात एंड या जागी खेळले. दुसऱ्या बाजूचा एंड होता डॉन हटसन, जो पुढे व्यावसायिक फुटबॉलमधील एक सार्वकालिक श्रेष्ठ खेळाडू ठरला. हटसनच्या छायेत वावरल्यामुळे ब्रायंट स्वतःचा उल्लेख गमतीने संघाचा दुसरा एंड असा करीत. १ जानेवारी १९३५ रोजी रोझ बाउल सामन्यात अलाबामाने स्टॅनफर्डचा २९–१३ असा पराभव केला, त्या संघात दोघेही होते.

त्याच वर्षी टेनेसीविरुद्धचा सामना ब्रायंट पायाचे हाड मोडलेले असताना खेळले. अलाबामाने तो २५–० असा जिंकला. दुखणे सोसून खेळत राहणे म्हणजेच खेळाडूचे सत्त्व, ही समजूत त्या काळी सार्वत्रिक होती आणि ब्रायंट तिच्यातच वाढले होते. पुढे इतरांच्या मुलांना शिकवताना त्यांनी हेच माप लावले, हे लक्षात ठेवल्यास १९५४ मधील घटनांचा उलगडा होण्यास मदत होते.

जून १९३५ मध्ये त्यांनी मेरी हार्मन ब्लॅक यांच्याशी गुपचूप विवाह केला. विवाहित खेळाडूची शिष्यवृत्ती जाण्याचे भय होते. त्यांना मे मार्टिन ही मुलगी व पॉल हा मुलगा अशी दोन अपत्ये झाली.

प्रशिक्षक : मेरीलँड आणि केंटकी

पदवीनंतर ब्रायंट यांनी अलाबामा व व्हँडरबिल्ट येथे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम केले. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. ते प्रवास करीत असलेल्या युरुग्वे या सैन्यवाहू जहाजाला १९४३ मध्ये अटलांटिक महासागरात दुसऱ्या जहाजाची धडक बसून काही सैनिक मृत्युमुखी पडले होते.

१९४५ मध्ये मेरीलँड विद्यापीठात त्यांना प्रथमच मुख्य प्रशिक्षकपद मिळाले. ६ विजय, २ पराभव व १ बरोबरी अशी कामगिरी करूनही एका वर्षातच त्यांनी ते सोडले. शिस्तभंगाबद्दल त्यांनी संघाबाहेर काढलेल्या खेळाडूला विद्यापीठाच्या अध्यक्षांनी परस्पर परत घेतले, हे त्याचे निमित्त होते. आपल्या संघावर दुसऱ्या कोणाची सत्ता चालू द्यायची नाही, हा त्यांचा स्वभाव येथे प्रथम दिसून आला.

१९४६ ते १९५३ या काळात ते केंटकी विद्यापीठात होते. फुटबॉलमध्ये फारसे नाव नसलेल्या या विद्यापीठाचा संघ त्यांनी नावारूपाला आणला. १९५० च्या हंगामाअखेर शुगर बाउल सामन्यात केंटकीने ओक्लाहोमाचा १३–७ असा पराभव करून त्या संघाची सलग ३१ विजयांची मालिका खंडित केली. तरीही केंटकी हे बास्केटबॉलवेड्यांचे राज्य होते, आणि तेथे बास्केटबॉलचे प्रशिक्षक अ‍ॅडॉल्फ रप यांचा शब्द अखेरचा मानला जाई. दुय्यम स्थान स्वीकारणे ब्रायंट यांना मानवणारे नव्हते. १९५४ च्या आरंभी त्यांनी केंटकी सोडले.

टेक्सास ए अँड एम : १९५४ चा हंगाम

पार्श्वभूमी

कॉलेज स्टेशन या आडगावातील टेक्सास ए अँड एम ही त्या काळी केवळ पुरुष विद्यार्थ्यांसाठी असलेली, लष्करी शिस्तीची शिक्षणसंस्था होती. विद्यार्थी कॅडेटच्या गणवेशात वावरत. फुटबॉलवरील त्यांचे प्रेम उदंड होते, संघाचे यश मात्र बेताचे; १९५३ मध्ये ४ विजय, ५ पराभव आणि १ बरोबरी अशी नोंद होती. पराभवाला कंटाळलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ब्रायंट यांचे आगमन हा मोठाच दिलासा होता. स्वागताच्या सभेत हजारो कॅडेटांसमोर ब्रायंट यांनी अंगातील कोट काढून पायाखाली तुडवला, मग टाय तुडवला आणि सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. सभेचा जयघोष बराच वेळ थांबेना, असे उपस्थितांनी नोंदवले आहे.

संघ पाहिल्यावर मात्र ब्रायंट यांचे समाधान झाले नाही. खेळाडू पुष्कळ होते, पण जिद्दीने खेळणारे किती, याचा अंदाज येईना. शिवाय कॉलेज स्टेशनमध्ये माजी विद्यार्थी, पत्रकार व पालक यांची सतत वर्दळ असे. या सर्वांपासून दूर नेऊन मुलांची पारख करावी, असे त्यांनी ठरवले.

जंक्शन येथील शिबिर

सप्टेंबर १९५४ च्या आरंभी संघाला बसमध्ये बसवून सुमारे ४०० किलोमीटर पश्चिमेस, यानो नदीकाठच्या जंक्शन या छोट्या गावी नेण्यात आले. तेथे विद्यापीठाची एक जोडशाखा होती व तिच्या आवारात पन्हाळी पत्र्याच्या अर्धगोल बराकी होत्या. टेक्सासमध्ये तेव्हा अनेक वर्षे चाललेला भीषण दुष्काळ होता. दिवसाचे तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या वर जाई. ज्याला मैदान म्हणायचे ती दगडगोट्यांनी व सराट्यांसारख्या काट्यांनी भरलेली उघडी जमीन होती. सरावापूर्वी खेळाडूंनी व प्रशिक्षकांनी रांगा धरून ती वेचली.

शिबिर १० दिवस चालले. उजाडण्यापूर्वी सरावाला सुरुवात होई, दुपारच्या उन्हातही तो चाले आणि रात्री बैठका होत. सरावादरम्यान खेळाडूंना पाणी पिऊ दिले जात नसे. ही ब्रायंट यांची एकट्याची लहर नव्हती. उन्हात पाणी प्यायल्याने अंग जड होते, पोटात गोळे येतात आणि खेळाडू हळवा बनतो, असा समज त्या काळच्या बहुतेक प्रशिक्षकांचा होता. तथापि जंक्शनमधील उष्मा, सरावाची तीव्रता आणि हा समज या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याने परिणाम घातक झाला. एक खेळाडू उष्माघाताने मैदानावर कोसळला. त्याला रुग्णालयात न्यावे लागले आणि तो जेमतेम वाचला. जखमी खेळाडूंनाही सरावातून सूट नव्हती.

मुले शिबिर सोडून जाऊ लागली. कोणी ब्रायंट यांना भेटून निरोप घेई, कोणी न सांगता रात्री उठून बसथांबा गाठी. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या गरीब घरच्या मुलांना हा निर्णय सोपा नव्हता, कारण संघ सोडणे म्हणजे बहुधा शिक्षण सोडणे होते. निघून गेलेल्यांत संघातील काही उत्तम खेळाडूही होते. शिबिराला नेमके किती गेले व किती टिकले याबाबत निरनिराळ्या हकिकतींत निरनिराळे आकडे आढळतात. सुमारे १०० गेले व ३५ च्या आसपास उरले, हा सर्वांत प्रचलित हिशेब होय. जाताना दोन बस भरून गेलेला संघ परतताना एका बसमध्ये मावला, असे टिकलेल्यांपैकी जीन स्टॉलिंग्ज सांगत असत. या टिकलेल्या खेळाडूंनाच पुढे जंक्शन बॉइज हे नाव मिळाले.

हंगामातील सामने

शिबिराचे फळ म्हणून ज्याची अपेक्षा होती, तो कणखर संघ १८ सप्टेंबरला पहिल्या सामन्यात उतरला आणि टेक्सास टेककडून ४१–९ असा पराभूत झाला. पुढच्या सामन्यात ओक्लाहोमा ए अँड एमने त्यांना १४–६ असे हरवले. तिसऱ्या सामन्यात जॉर्जिया विद्यापीठाला त्यांच्याच मैदानावर ६–० असे नमवून ब्रायंट यांच्या संघाने हंगामातील पहिला विजय मिळवला. तोच शेवटचाही ठरला. त्यानंतर ह्यूस्टन (१०–७), टेक्सास ख्रिश्चन (२१–२०), बेलर (२०–७), आर्कान्सा (१४–७), सदर्न मेथडिस्ट (६–३), राइस (२९–१९) आणि टेक्सास (२२–१३) या सात संघांनी त्यांना लागोपाठ हरवले. साउथवेस्ट कॉन्फरन्स या प्रादेशिक स्पर्धेतील सहाही सामने गेले. संपूर्ण हंगामात संघाने ९७ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना १७७ दिले.

हे आकडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. पहिला सामना वगळता संघाचा पुरता धुव्वा असा कोणी उडवला नाही. ९ पराभवांपैकी ५ पराभव ८ किंवा त्याहून कमी गुणांचे, त्यातील दोन ३ गुणांचे व एक तर अवघ्या एका गुणाचा होता. संघ शेवटपर्यंत झुंजत होता हे स्पष्ट आहे. मात्र तो जिंकत का नव्हता, याचे उत्तरही शिबिरातच आहे. त्या वर्षांतील नियमांनुसार खेळाडू बदलण्यावर कडक बंधने होती. म्हणजे आक्रमणासाठी वेगळे व बचावासाठी वेगळे अकरा जण उतरवता येत नसत. त्याच खेळाडूंना दोन्ही कामे करावी लागत. अशा खेळात राखीव फळी भक्कम असणे फार महत्त्वाचे. ब्रायंट यांनी संघाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शिबिरातच गमावला होता. नवे खेळाडू आणण्याचीही सोय नव्हती, कारण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची तेव्हा परवानगी नसे. मोजक्या, थकलेल्या व दुखापती अंगावर वागवणाऱ्या मुलांनी १० सामने खेळून काढले, असे या हंगामाचे वर्णन करता येईल.

पराभवाकडून अजिंक्यपदाकडे

१९५५ मध्ये संघाने ७ सामने जिंकले, २ गमावले व १ बरोबरीत सोडवला. त्या वर्षीचा राइसविरुद्धचा सामना विशेष गाजला. १२–० असा मागे पडलेल्या ए अँड एमने शेवटच्या काही मिनिटांत २० गुण मिळवून तो जिंकला. १९५६ मध्ये ९ विजय व १ बरोबरी अशा अपराजित कामगिरीसह संघ साउथवेस्ट कॉन्फरन्सचा विजेता ठरला. टेक्सास विद्यापीठाला ऑस्टिन येथील मेमोरियल स्टेडियमवर त्यांनी ३४–२१ असे हरवले. १९२४ मध्ये बांधलेल्या त्या मैदानावर ए अँड एमचा हा पहिलाच विजय होता.

येथूनच जंक्शनची दंतकथा आकाराला आली. १९५४ चा हाल, १९५६ चे वैभव, आणि या दोहोंना जोडणारा निष्कर्ष असा की त्या १० दिवसांच्या आगीतून जे तावून निघाले त्यांनीच अजिंक्यपद मिळवले. ही मांडणी आकर्षक असली तरी अपुरी आहे. १९५६ च्या संघात जॅक पार्डी, जीन स्टॉलिंग्ज, डेनिस गेरिंग, बॉबी ड्रेक कीथ असे जंक्शनचे खेळाडू होते व त्यांचा वाटा निःसंशय मोठा होता. परंतु त्याच संघाचे बळ असलेले जॉन डेव्हिड क्रो व चार्ली क्रूगर हे १९५४ मध्ये प्रथम वर्षाचे विद्यार्थी होते आणि म्हणून जंक्शनला गेलेच नव्हते. क्रो हा तर संघाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. १९५७ मध्ये त्याला महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च सन्मान असलेला हाइसमन करंडक मिळाला. ब्रायंट यांच्या ३८ वर्षांच्या कारकिर्दीत हा करंडक मिळवणारा तो एकमेव खेळाडू होय.

क्रो यांच्यासारखे खेळाडू ए अँड एमकडे ओढले जात होते, त्यामागे ब्रायंट यांचे नाव होते, तसाच माजी विद्यार्थ्यांचा पैसाही होता. खेळाडूंना नियमबाह्य लाभ दिल्याबद्दल राष्ट्रीय नियामक संस्थेने विद्यापीठावर कारवाई केली. परिणामी १९५६ चा अपराजित संघ हंगामाअखेरच्या मानाच्या बाउल सामन्यांना मुकला. जंक्शनची कथा सांगताना हा भाग अनेकदा गाळला जातो. १९५७ च्या हंगामानंतर ब्रायंट यांनी ए अँड एम सोडले. चार वर्षांत त्यांच्या नावावर २५ विजय, १४ पराभव व २ बरोबरी जमा होत्या, आणि त्या १४ पैकी ९ पराभव पहिल्या वर्षाचे होते.

अलाबामा

अलाबामाला तेव्हा ब्रायंट यांची नितांत गरज होती. १९५५ मध्ये तेथील संघाने दहाच्या दहा सामने गमावले होते आणि तीन वर्षांत मिळून केवळ ४ विजय मिळवले होते. मातृसंस्थेची हाक म्हणजे आईची हाक, या अर्थाचे स्पष्टीकरण देऊन ब्रायंट १९५८ मध्ये टस्कालूसाला परतले. येथेही शिस्त कठोर होती व अनेकांनी संघ सोडला, पण जंक्शनसारखे शिबिर त्यांनी पुन्हा घेतले नाही. पहिल्याच वर्षी ५ विजय, ४ पराभव व १ बरोबरी अशी सुधारणा झाली. १९६१ मध्ये सर्व ११ सामने जिंकून अलाबामा राष्ट्रीय विजेता झाला. जो नामथ व केन स्टेबलर हे पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये गाजलेले खेळाडू याच काळातील. नामथने शिस्त मोडल्यावर १९६३ च्या हंगामाअखेर ब्रायंट यांनी त्याला निलंबित केले होते.

सरावाच्या मैदानावर उभारलेल्या उंच मनोऱ्यावरून ते सराव पाहत. त्यांची चौकटीच्या नक्षीची टोपी ही त्यांची ओळख बनली.

१९६२–६३ मध्ये सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या नियतकालिकाशी त्यांचा संघर्ष झाला. त्यांच्या संघाचा खेळ क्रूर असल्याचा आरोप प्रथम या नियतकालिकाने केला. त्यानंतर, १९६२ चा अलाबामा–जॉर्जिया सामना ब्रायंट व जॉर्जियाचे क्रीडा संचालक वॉली बट्स यांनी संगनमताने निश्चित केला होता, असा त्याहून गंभीर आरोप छापण्यात आला. दोघांनीही अब्रूनुकसानीचे दावे लावले. बट्स यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६७ मध्ये त्यांच्या बाजूने लागला व अमेरिकी अब्रूनुकसानी कायद्यातील तो एक महत्त्वाचा निवाडा ठरला. ब्रायंट यांनी ३ लाख डॉलर स्वीकारून तडजोड केली.

वर्णभेदाचा प्रश्न

ब्रायंट यांच्या चरित्रातील सर्वाधिक टीकेचा विषय म्हणजे वर्णभेदाबाबतची त्यांची भूमिका. अलाबामा राज्य वर्णविभाजनाचा बालेकिल्ला होते आणि १९६० च्या दशकात विद्यापीठाचा फुटबॉल संघ पूर्णपणे गोऱ्यांचा होता. राज्यात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्या तोडीची लोकप्रियता लाभलेल्या ब्रायंट यांनी ती या कामी वापरली नाही, असा आक्षेप घेतला जातो. परिस्थिती अनुकूल होण्याची ते वाट पाहत होते, असे त्यांचे समर्थक म्हणतात.

१२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅम येथे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने अलाबामाला ४२–२१ असे हरवले. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने त्या सामन्यात १३५ यार्ड धाव घेऊन दोन टचडाउन केले. या एका सामन्याने अलाबामाचे दरवाजे उघडले, असे नेहमी सांगितले जाते. वस्तुतः विल्बर जॅक्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू शिष्यवृत्तीवर आधीच दाखल झालेला होता व प्रथम वर्षात असल्यामुळे केवळ खेळू शकत नव्हता. १९७१ मध्ये जॉन मिचेल हा अलाबामाच्या मुख्य संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. या सामन्याने बदल सुरू झाला नाही. जनमत त्या बदलाच्या बाजूने वळण्यास मदत झाली, एवढे म्हणता येईल. १९६९ व १९७० या दोन सामान्य हंगामांनंतर संमिश्र संघ आणि विशबोन ही नवी आक्रमण-पद्धती यांच्या बळावर ब्रायंट यांनी १९७० च्या दशकात पुन्हा वर्चस्व मिळवले.

जंक्शनकडे मागे वळून

ब्रायंट यांच्या जंक्शनमधील खेळाडूंपैकी अनेकांनी पुढे नाव कमावले. जॅक पार्डी व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळाडू व नंतर प्रशिक्षक म्हणून प्रसिद्ध झाले. जीन स्टॉलिंग्ज ए अँड एमचे प्रशिक्षक बनले आणि १ जानेवारी १९६८ रोजी कॉटन बाउल सामन्यात त्यांच्या संघाने ब्रायंट यांच्या अलाबामाला २०–१६ असे हरवले. सामना संपताच ब्रायंट यांनी भर मैदानात आपल्या या शिष्याला उचलून घेतले. पुढे स्टॉलिंग्ज अलाबामाचेही प्रशिक्षक झाले व १९९२ चे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी त्या विद्यापीठाला मिळवून दिले.

टिकलेल्यांच्या आठवणींत कृतज्ञतेचा सूर अधिक आहे, हे स्वाभाविक आहे. जे निघून गेले त्यांच्या हकिकती फारशा छापल्या गेल्या नाहीत. स्वतः ब्रायंट यांचे मत वयाबरोबर बदलत गेलेले दिसते. जॉन अंडरवुड यांच्या साहाय्याने लिहिलेले त्यांचे आत्मचरित्र १९७४ मध्ये प्रकाशित झाले. आपण स्वतः त्या मुलांच्या जागी असतो तर कदाचित आपणही निघून गेलो असतो, अशी कबुली त्यांनी उत्तरायुष्यात दिली. वैद्यकशास्त्रानेही त्यांच्या पद्धतीला साथ दिली नाही. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील डॉ. रॉबर्ट केड व त्यांच्या सहकाऱ्यांनी घामावाटे जाणारे पाणी व क्षार भरून काढणारे गॅटोरेड हे पेय तेथील फुटबॉल खेळाडूंसाठीच तयार केले, आणि तहान सोसण्याने खेळाडू घडतो ही समजूत हळूहळू मागे पडली.

१९७९ मध्ये जंक्शन बॉइजचा २५ वर्षांनंतरचा मेळावा जंक्शन येथेच भरला आणि ब्रायंट त्याला उपस्थित राहिले. तेथे खेळाडूंनी त्यांना एक अंगठी भेट दिली. सहा राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवणाऱ्या या प्रशिक्षकाजवळ मानाच्या अंगठ्यांना तोटा नव्हता. मात्र ते बोटात घालत ती ९ पराभवांच्या हंगामाची ही अंगठी, असे त्यांचे खेळाडू सांगत असत.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

२८ नोव्हेंबर १९८१ रोजी ऑबर्नविरुद्ध २८–१७ असा विजय मिळवून ब्रायंट यांनी आपला ३१५ वा विजय नोंदवला आणि एमोस अलोन्झो स्टॅग यांचा ३१४ विजयांचा विक्रम मागे टाकला. प्रकृती खालावत चालली होती. १९८२ च्या हंगामाअखेर त्यांनी निवृत्ती जाहीर केली. २९ डिसेंबर १९८२ रोजी लिबर्टी बाउल सामन्यात इलिनॉयविरुद्ध २१–१५ असा मिळवलेला विजय हा त्यांचा अखेरचा सामना ठरला. अलाबामातील २५ वर्षांत २३२ विजय, ४६ पराभव व ९ बरोबरी अशी त्यांची नोंद झाली.

त्यानंतर अवघ्या २८ दिवसांनी, २६ जानेवारी १९८३ रोजी, टस्कालूसा येथील रुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. टस्कालूसापासून बर्मिंगहॅमपर्यंतच्या सुमारे ९० किलोमीटरच्या रस्त्यावर अंत्ययात्रा पाहण्यासाठी दुतर्फा व पुलापुलांवर लोक उभे होते. बर्मिंगहॅमच्या एल्मवुड दफनभूमीत त्यांचे दफन झाले. फेब्रुवारी १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यांना मरणोत्तर प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा नागरी सन्मान दिला. अलाबामा विद्यापीठाच्या टस्कालूसा येथील मैदानाला १९७५ मध्ये, त्यांच्या हयातीतच, ब्रायंट–डेनी स्टेडियम हे नाव देण्यात आले होते.

जंक्शन शिबिरावरील जिम डेंट यांचे द जंक्शन बॉइज हे पुस्तक १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर आधारित दूरचित्रवाणी चित्रपट २००२ मध्ये आला आणि १९५४ चा हंगाम नव्या पिढीला ठाऊक झाला. शिबिर ज्या आवारात भरले होते ते पुढे टेक्सास ए अँड एमकडे राहिले नाही. त्या हंगामात पहिलाच सामना ४१–९ असा जिंकणाऱ्या टेक्सास टेक विद्यापीठाच्या ताब्यात ते गेले.